देवदत्तचं अनुमोदन

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनो गावी, आपल्या वसाहतीच्या घरमालकांच्या असोसिएशनवर देवदत्त निवडून आला, तो दुसरं कुणी उभंच राहिलं नाही म्हणून. बोर्ड तिघांचं आणि बिनपगारी. अध्यक्ष डॉटी, रिटायर्ड शिक्षिका. दुसरा रॉजर, ज्याला कुणाच्या कुंपणाची फळी वाकडी दिसली की जेवण गोड लागत नसे. आणि तिसरा हा. महिन्यातून एकदा स्विमिंग पूलशेजारच्या खोलीत बसायचं, कुणाचं गवत वाढलंय, कुणाचा मेलबॉक्स कलंडलाय ते पाहायचं आणि शेजाऱ्यांचे शिव्याशाप घेऊन घरी यायचं. बायको, वीणा, म्हणायची, "घरचा नळ गळतोय आणि साहेब गावाची पाटीलकी करतायत."

त्या महिन्यात विषय निघाला सुमित्राकाकूंच्या कीर्तनाचा. काकू मुलाकडे, अनिलकडे राहायच्या. एकादशीच्या जवळचा शनिवार गाठून त्याच्या हॉलमध्ये कीर्तन करायच्या. कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या की पूर्वरंगातच माणसं घरदार विसरायची. पण माणसं आली म्हणजे त्यांच्या चपलाही आल्या. पोर्चवर हा ढीग! दारासमोर काही ठेवायचं नाही असा नियम, आणि रॉजर राहायचा नेमका समोर. त्याने फोटोच काढून आणला होता.

काकूंच्या कानावर ते गेलंच. त्यांनी देवदत्तला बजावलं होतं, "अनिलच्या नावाने नोटीस आली, तर मी पुन्हा उभी राहणार नाही हं. माझ्यापायी मुलाला बोल नको." त्या आवाज चढवून बोलत नसत, पण बोललेलं फिरवतही नसत.

देवदत्तने मीटिंगला जाताना ठरवलं, गप्प बसायचं. आपणच आपल्या माणसांची बाजू घेतली तर बरं दिसणार नाही. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, अध्यक्षाने द्यायचं नाही, असा तिथला रिवाज. म्हणजे रॉजरने नोटिशीचा ठराव मांडला, तरी आपण तोंड उघडलं नाही की तो आपोआप पडला.

पण रॉजर बोलायला लागला आणि रंगात आला. शेजार म्हणजे काय, घराची शोभा म्हणजे काय, आवाज चढवत, मध्येच थांबत. देवदत्त कीर्तनाला कायम पहिल्या रांगेत बसणारा. समोरचा रंगला की याची मान डोलायची, तोंडातून "हं, हं" निघायचं. बोलणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, ही त्याची जुनी सवय.

रॉजर थांबला. डॉटीने लिहून घेतलं, "देवदत्तचं अनुमोदन. आता मतं घेऊ."

देवदत्त खुर्चीतून अर्धवट उठला. "थांबा. मी अनुमोदन नाही दिलं."

"मान हलवलीस की. हं म्हणालास," डॉटी म्हणाली.

"ते ऐकतोय म्हणून. आमच्यात कुणी बोलत असलं की हं म्हणावं लागतं. नाहीतर त्याला वाटतं, याचं लक्ष नाही."

डॉटीने चष्मा काढला. "मग दोन वर्षं तू अनुमोदनं देतोयस, ती?"

"तेव्हाही ऐकतच होतो."

"बदकांना पाव घालायची बंदी पण?" रॉजरने विचारलं, आणि स्वतःच हसला.

डॉटी मात्र हसली नाही. आजचं काय ते सांग, म्हणाली. आता गप्प बसायची सोय उरली नव्हती. रॉजरकडे बघून देवदत्त म्हणाला, "नाही देत. त्या चपला कुणी टाकून दिलेल्या नाहीत. आत देवाचं नाव घ्यायचं असतं, म्हणून बाहेर काढतात. ढीग वाईट दिसतो, कबूल. तो दिसणार नाही हे मी बघतो. पण नोटीस नको."

ठराव पडला. शनिवारी बघतोच, असं म्हणून रॉजर उठला.

चपला गॅरेजमध्ये काढायच्या हे ऐकून काकू आधी रुसल्या. कीर्तनाला काय गॅरेजमधून यायचं? मग म्हणाल्या, दार कुठलं का असेना, माणसं आत येताहेत ना. अनिलला गाडी बाहेर काढायला लावली.

शनिवारी गॅरेजमध्ये चपलांच्या रांगा लागल्या. तेवढ्यात देवदत्तला रॉजरचा फोन: गॅरेजचं दार उघडं ठेवायचं नाही, हाही नियम आहे. सुनेने, हिमानीने, शेवटचं माणूस आत घेतलं आणि बटण दाबलं. दार खडखडत खाली आलं. ते पुरतं टेकेपर्यंत काकू थांबल्या, आणि मग त्यांनी नमन धरलं.