राधाबाईची जागल

संध्याकाळी बांधावर दिराशी भांडण झालं, आणि त्याच तावात राधाबाई रात्रीच्या जागलीला शेतातल्या माळ्यावर चढली.

लढाई लागल्यापासून नवरा आणि मुलगा जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत डबल पाळीवर अडकलेले. इकडे गावी, बरगीला हरभरा फुलावर आलेला, आणि रानडुकरं रोज एक शेत उकरत होती. ब्लॅकआऊटमुळे शेकोटी बंद. डबे बडवावे, तर त्या आवाजाला डुकरं केव्हाच सरावलेली. तिनंच लहानाचा मोठा केलेला दीर भाऊराव त्याच फॅक्टरीतून एका दिवसाच्या सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, बायकांच्या राखणीनं पीक उरत नाही, शेत मले बटईनं दे, अर्धं पीक तुले. राधाबाई भडकली. आज रात्री एक जरी डुक्कर शिरलं तरी शेत बटईनं तुझं, असा शब्द देऊन बसली. मग गंमत बघायला तोही शेजारच्या शेतात आपल्या माळ्यावर बसला.

सोबतीला सून शैलजा, जबलपूर शहरातल्या गोहलपूरची. पाचोळा हलला तरी सासूचा हात धरायची.

"आई, ते कोण रडून राहिलं?"

"कोल्हा हाय. तुझा बाप नाही."

मग घुबड झालं, लांब चितळ ओरडलं. सासू एकेकाचं नाव सांगत गेली, तसं शैलजेचं भ्यायचं राहिलं आणि पदरात तोंड खुपसून हसणं सुरू झालं. तेवढ्यात पाण्याच्या चारीपलीकडून घुरघुर आली. एक नाही, कळपच, आणि बघता बघता चारी ओलांडून बांधाशी आला.

राधाबाईनं वीस वर्षं फॅक्टरीच्या क्वार्टरात काढलेली. माणसाला पळवणारा एकच आवाज तिला ठाऊक. तिनं तोंडाभोवती ओंजळ धरली आणि बेंबीच्या देठापासून विमानहल्ल्याच्या धोक्याचा भोंगा काढला, चढता, उतरता, पुन्हा चढता. शैलजेनं बारीक आवाजात साथ धरली. डुकरं जागीच थबकली आणि आल्या वाटेनं उधळली.

पण भाऊरावला फॅक्टरीनं पंधरा दिवस एकच शिकवलं होतं: भोंगा झाला की खड्डा गाठायचा. माळ्यावरून उडी टाकून तो चारीच्या चिखलात पालथा पडला, कानांत बोटं घालून. अख्खा कळप त्याच्यावरून गेला.

बऱ्याच वेळानं चिखलातून आवाज आला, "वहिनी, विमानं गेली काय?"

"गेली. चार-चार पायांची होती."

शैलजा हसता हसता माळ्यावरून पडायची बाकी राहिली. भाऊराव धडपडत चारीतून वर आला. बटईचं राहू दे म्हणाला. फक्त पाळीवर कोणाले सांगू नको, वहिनी.

"सांगत नाही. पण आधी तिथून हट. काहून उभा राहिला माझ्या हरभऱ्यात?"

त्यानं आपल्या पायांखाली पाहिलं. रात्रभरात त्या शेतातली तेवढीच दोन झाडं तुडवली गेली होती.