दोन पाट्यांचा वाफा

आमच्या संशोधन केंद्रात दोन साहेब होते. दुष्काळ विभागाच्या साहेबांना आम्ही मजूर बायका कोरडे साहेब म्हणायचो आणि कीड विभागाच्या साहेबांना अळीसाहेब. खोल्या शेजारी-शेजारी, पण दोघांमधून विस्तव जात नव्हता. भांडण मिटावं म्हणून वरिष्ठांनी दोघांना भुईमुगाचा एकच वाफा दिला. आगीत तेल ओतायला एवढा पगार मिळतो हे मला तेव्हा कळलं.

वाफ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं बी होतं. तिच्या सासूनं जपलेला, कमी पाण्यावर तग धरणारा बारीक दाण्याचा भुईमूग. "चाचणी होऊ दे, दसपट परत देऊ," असं साहेब म्हणाले. ताई कां-कूं करत होती. मीच मध्ये पडले, तेव्हा तिनं डबा उपडा केला. घरात एक दाणा ठेवला नाही.

कोरड्या साहेबांनी पाटी लावली, 'पाणी देऊ नये'. अळीसाहेबांनी खाली दुसरी ठोकली, 'माती उकरू नये'.

चाळिसाव्या दिवशी एका कोपऱ्यातल्या झाडांनी माना टाकल्या. एक जरा ओढलं तर अलगद हातात आलं. मुळं कुरतडलेली, नुसता दांडा उरलेला. खाली हुमणी होती, पांढरी, गुबगुबीत, अंगाचं वेटोळं करून बसलेली. ते झाड घेऊन मी धावत गेले.

"ही कीड आहे. शेजारी जा," कोरडे साहेब म्हणाले.

शेजारी अळीसाहेबांनी चष्मा पुसला. "पाणी असतं तर नवी मुळं फुटली असती. पाणी कोणी तोडलं ते त्यांना विचार. आणि तू झाड उपटलंस कसं?"

"मग पाणी देऊ का, साहेब? नाहीतर अळ्या तरी वेचते."

"पाण्यानं त्यांची चाचणी बिघडेल, वेचलंस तर माझी."

दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते. त्याच संध्याकाळी मला वाफ्याला हात लावायचा नाही अशी लेखी समज मिळाली, त्यावर दोघांच्याही सह्या होत्या.

मग समिती नेमली. तिला तारीख मिळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि वाफा पार वाळला. समितीनं वीतभर खणलं, अळी दिसली नाही. माती कोरडी पडली की हुमणी ओलीच्या शोधात खाली जाते, हे आमच्यातल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. मी तोंड उघडलं, तर विचारल्याशिवाय बोलू नको म्हणाले.

अहवाल आला. झाडं दुष्काळानं मेली म्हणावं तर मुळं कुरतडलेली. किडीनं मेली म्हणावं तर कीड सापडली नाही. सबब पुढच्या हंगामात चाचणी पुन्हा घ्यावी, बियाणं त्याच शेतकरी महिलेकडून मागवावं. ते पत्र पोचवायला मलाच धाडलं.

ताईनं पत्र उभ्यानंच वाचलं.

"तुला कधी कळलं होतं?"

"चाळिसाव्या दिवशी."

"तेव्हा किती झाडं गेली होती?"

"एक कोपरा. बाकी सगळी उभी होती."

"मग अळ्या का नाही वेचल्यास?"

"लेखी समज दिली होती, ताई. साहेबांनी..."

"साहेबांना कोण ओळखतं?" ती म्हणाली. "बी मी तुला दिलं होतं."