फेकायची ताटं

घरात कार्य निघालं की आपल्या आयाबायांच्या पोटात पहिला गोळा येतो तो खरकट्या भांड्यांच्या आठवणीनं! लग्न लागतं, अक्षता पडतात, पंगती उठतात, पुरुषमंडळी पान चघळत ओटीवर आडवी होतात आणि मागल्या दारी ताटांचा डोंगर उभा राहतो. तो घासायचा कुणी, यावरून सख्ख्या जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. त्यामुळे जेवा आणि फेकून द्या, असं कुणी म्हटलं की आपल्याला ते लगेच पटतं. पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठावर आंबेकोंड नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनाही ते असंच पटलं.

आंबेकोंडात गावकीची भांडी होती. मुंबईला गिरणीत गेलेल्या गावच्या माणसांनी वर्गणी काढून ती कधीकाळी घेतलेली. पितळी ताटं, तपेली, पराती, तांबे. देवळामागच्या खोलीत ती कुलपात असत. ज्याच्या घरी कार्य त्यानं न्यायची, राखेनं लखलखीत घासून परत आणायची, आणि ताट चेंबलं तर ठोकून सरळ करून द्यायचं, अशी रीत. खोलीची किल्ली गंगाधरकडे. गंगाधर महाडला कचेरीत कारकून होता. शिकलेला म्हणून गावकीनं त्याला चिटणीस केलं होतं.

सत्त्याऐंशी साली, शिमगा उलटल्यावर, बौद्धवाडीचे काशीराम गुरुजी त्याच्याकडे आले. गुरुजी गावच्याच शाळेत शिकवत. गंगाधरची मुलगी अंबिका त्यांच्याच हाताखाली लिहायला शिकली होती.

"गंगाधरराव, पुतणीचं, मंजुळाचं लग्न ठरलंय. गावकीची भांडी हवी होती. आमच्या वाडीतल्या गिरणीवाल्यांनीही त्यात वर्गणी घातली होती, ते तुम्हाला ठाऊक आहेच."

गंगाधरला ठाऊक होतं. वर्गणी घेताना कुणाचा हात आखडला नव्हता! पण ताटं त्या वाडीत कधी गेली नव्हती, कारण आजवर कुणी मागितलीच नव्हती. "गावकीला विचारून सांगतो," एवढं म्हणून त्यानं गुरुजींना वाटेला लावलं.

गावकी बसली. 'देणार नाही' असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, कायदा होता. 'देऊ' असं म्हणायची कुणाची इच्छा नव्हती. गावकीचे म्होरके गोमाजीबुवा तपकीर ओढत म्हणाले, "एकदा ती ताटं तिकडं गेली, का आपल्या पोराबाळांनी त्यातच जेवायचं काय रे? तू शिकलेला हायस, तूच कायतरी काढ."

आणि शिकलेल्या माणसानं काढलं! दुसऱ्या दिवशी त्यानं गुरुजींना शाळेत गाठलं. "गुरुजी, भांड्यांची कल्हई गेलीय. आंबट-चिंबट कळकतं, उद्या कुणाला विषबाधा झाली तर? गावकीनं ती मोडीत द्यायचं ठरवलंय. यापुढे सगळ्यांनाच मुंबईहून प्लॅस्टिकची ताटं आणि पेले. स्वच्छ काम! ज्यानं त्यानं जेवायचं आणि फेकायचं."

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. "कल्हईवाला महाडात बसतो की हो. आणि फेकायचं म्हणजे नेमकं कुठं?"

"वहाळात. पावसात वाहून जातं सगळं."

"वाहून कुठं जाईल? सावित्रीतच ना? पत्रावळ फेकली तर ती कुजते, तिचं खत होतं. हे कुजत नाही, गंगाधरराव. तुमचे-आमचे नातू म्हातारे होतील तरी ते तसंच राहील. एक जेवण अर्ध्या तासाचं, आणि त्याची घाण पिढ्यान् पिढ्या! हा कुठला हिशोब?"

"काळाप्रमाणे चालावं लागतं, गुरुजी," गंगाधर म्हणाला आणि कचेरीची गाडी चुकेल म्हणून निघून गेला.

पितळ महाडच्या तांबटाकडे मोडीत गेलं. आलेल्या पैशात देवळाला कर्णा आला. मंजुळाचं लग्न पत्रावळींवर झालं, आणि त्याच पावसाळ्यानंतर बौद्धवाडीच्या मुंबईकर पोरांनी वाडीपुरती स्टीलची ताटं घेऊन विहारात ठेवली. गावात मात्र सोयीची चैन सुरू झाली. लग्न, बारसं, सत्यनारायण, काहीही असो, पांढरी ताटं यायची आणि दुपार टळली की वहाळात जायची. बाया खूश झाल्या. त्यांना तरी का बोल लावावा? त्यांचे हात सुटले होते. पत्रावळी लावणाऱ्या रंगूबाईला कुणी विचारीनासं झालं, तेव्हा ती लेकाकडे मुंबईला निघून गेली.

दोन वर्षांनी गंगाधरची गाय गाभण होती. त्याच्या आईनं, जानकीबाईनं, ती वासरू असल्यापासून वाढवलेली. शेजारच्या लग्नानंतर गाय वहाळाकडे चरायला गेली. ताटांना वरणभात चिकटलेला होता. मुक्या जनावराला भात कळतो, प्लॅस्टिक थोडंच कळतं! गाईनं रवंथ सोडला. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. पोलादपूरहून ढोरांचे डॉक्टर येईपर्यंत ती डोळे फिरवून मरून पडली होती. डॉक्टरांनी तिथंच पोट चिरून दाखवलं. आतून एकात एक गुंतलेला पांढरा गोळा निघाला, आणि वासरूही निघालं, मेलेलं.

जानकीबाई गाईच्या तोंडावरून हात फिरवत बसली होती. "हिला कुनी मारलं, ठाव हाय तुला?" ती गंगाधरला म्हणाली. "तूच रे! गुरुजींना ताट द्याया लागू नये म्हनून तू हे गावात आनलंस. मी काय आंधळी नाय."

गंगाधर कुदळ घेऊन आला. गाईसाठी खड्डा त्यानं स्वतः खणला.

त्याच वैशाखात अंबिकाचं लग्न होतं. तिच्या लग्नात प्लॅस्टिकचं एकही पान वाढायचं नाही, असं त्यानं बायकोला, विनीताला, सांगितलं. ठरवणं सोपं होतं. गावकीची भांडी वितळून गेली होती. रंगूबाई मुंबईला होती. महाडचा मंडपवाला म्हणाला, "आता भांडी कोण ठेवतो? सगळे तुमच्यासारखंच प्लॅस्टिक मागतात!" घासून वापरता येतील अशी ताटं साऱ्या पंचक्रोशीत एकाच ठिकाणी उरली होती.

खालमानेनं गंगाधर बौद्धवाडीत गेला. गुरुजींनी त्याला बसायला दिलं, पाणी दिलं. ते तो प्यायला. मग त्यानं अंबिकाच्या लग्नासाठी ताटं मागितली.

"ताटं देऊ," गुरुजी म्हणाले, "पण आधी एक सांगा. प्लॅस्टिक कशासाठी आणलं होतंत?"

"घासायचा त्रास..."

"खरं सांगा."

गंगाधर म्हणाला, "तुम्ही जेवलेल्या ताटात आम्हाला जेवायचं नव्हतं, गुरुजी."

"हं." गुरुजींचा आवाज चढला नाही, पण त्यात कडवटपणा होता. "अपमान मला नवा नाही. पण माणसाचा विटाळ टाळायला तुम्ही नदी विटाळलीत! अहो, घासून पुन्हा वापरायचं म्हणजे काय? आपल्या आधी यात कुणीतरी जेवलंय आणि आपल्यानंतरही जेवणार आहे, एवढं मान्य करायचं. तेवढंच तुम्हाला जमलं नाही. न्या ताटं. मात्र त्यांवर आमच्या मंडळाचं नाव कोरलेलं आहे, ते झाकायचं नाही."

"नाही झाकणार."

लग्नाच्या दिवशी पंगत बसली. गोमाजीबुवांनी पुढ्यातलं ताट तिरकं करून कडेवरची अक्षरं वाचली, 'बौद्धजन मंडळ, आंबेकोंड', आणि ते उठले. "गंगाधर, बाटवलंस रे गावाला!" त्यांच्यामागे निम्मी पंगत उठली. व्याही काय म्हणतील, या धास्तीनं विनीता भाताची परात घेऊन होती तिथंच थांबली.

तेवढ्यात जानकीबाई घरातून आली. गोमाजीबुवांनी सोडलेल्या ताटापुढे ती मांडी घालून बसली आणि ओरडली, "विनीता, वाढ गो मला! भूक लागलीय!"

व्याह्यांनी एकदा उठलेल्यांकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे पाहिलं, आणि भात कालवायला घेतला. उठलेल्यांपैकी मात्र कुणी परतलं नाही. निम्मं जेवण उरलं. अंबिका सासरी निघाली तेव्हा तिला निरोप द्यायलाही निम्मं गाव आलं नाही, आणि ती वेशीपर्यंत रडत गेली.

संध्याकाळी गंगाधर आणि विनीता नदीवर बसून ताटं घासत होते. कचेरीतला कारकून, नारळाच्या सालीचं सोडण आणि राख घेऊन! त्याच्या पायाशी मागल्या साली फेकलेले पेले दगडांत अडकले होते. ते हातानं उपसून त्यानं काठावर ढीग केला, आणि हा ढीग आता टाकायचा कुठं, हे त्याला सुचेना. ताटं त्याच रात्री विहारात पोचली. गुरुजींनी ती घेतली आणि "पुन्हा लागली तर या," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी गोमाजीबुवांच्या नातवाचं लग्न झालं. त्यात प्लॅस्टिकचीच ताटं होती.

बंधूंनो, भगिनींनो, एका माणसाचं मन पालटलं म्हणून गाव पालटत नाही. पण एक गोष्ट आपण सगळ्यांनी ओळखून असावी. फेकायच्या वस्तू आपल्या दारी येतात त्या सोयीच्या नावानं, आणि त्यांच्यामागे पुष्कळदा आपला आळस असतो, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. आपण जे फेकतो ते कुणाच्या तरी शेतात, कुणाच्या तरी विहिरीत, नाहीतर मुक्या जनावराच्या पोटात जातंच. जे ताट घासून बिनदिक्कत दुसऱ्या माणसापुढे ठेवता येतं, आणि दुसऱ्यानं घासलेलं आपल्याला चालतं, त्याच ताटात जेवायला शिकू या. घासायला हात मात्र बाईचेच नकोत, आपलेही लागू देत.