ओसरी मिसिसिपीत, स्वयंपाकघर टेनेसीत

"सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," तळलेल्या माशाचा काटा दातांतून ओढत डेविट कॉगिन्स म्हणाला. "गेल्या वादळात राज्याची हद्द सरकली. चांगली चौदा फूट!"

खाणावळीचा मालक क्लोव्हिस हातातला झारा हवेतच धरून उभा राहिला. "कुठे?"

"मिस व्हर्नेलच्या घरात."

व्हर्नेल सग्ज या विधवेचं घर खरोखरच हद्दीवर बसलं होतं. पुढची ओसरी मिसिसिपीत, मागचं स्वयंपाकघर टेनेसीत. परराज्यातली वाइन थेट घरी मागवायला टेनेसीचा कायदा होकार देत होता, मिसिसिपीचा देत नव्हता. त्यामुळे कुरियरची गाडी हाकणारा डेविट तीन वर्षं दरमहा तिचं वाइनचं खोकं मागच्याच दारी नेत होता. कायद्याची आणखी एक मेख होती. घेणारं माणूस सज्ञान हवं, शुद्धीवर हवं, आणि सही त्याने समोर उभं राहून करायची. तीनदा गाठ पडली नाही की खोकं आल्या वाटेने परत.

"मांजर चुलीपाशी निजलेलं," डेविट रंगात आला. "डोकं टेनेसीत, शेपूट मिसिसिपीत. मी मागच्या पायरीवर पाय ठेवला मात्र, अख्खं मांजर मिसिसिपीत! म्हटलं, गेली, चूल पलीकडच्या राज्यात गेली. मी कायद्याने चालणारा माणूस. मंगळ, बुध, गुरू, तीन दिवस हद्द दारात आडवी. खोकं गेलं परत कॅलिफोर्नियाला."

"हद्द कधी सरकते का रे, गाढवा?"

"नदी सरकते ती चालते तुला!"

सगळे खो खो हसले. डेविटही हसला, पण खरं कारण त्याने सांगितलं नव्हतं. प्रत्येक खोक्यात वाइन बनवणाऱ्या बेलांडी नावाच्या द्राक्षमळेवाल्याची चिठ्ठी असे, वळणदार अक्षरातली: 'माझ्या व्हर्नेलसाठी, उन्हाच्या उतारावरून.' माझ्या! डेविटने त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, तरी मनातल्या मनात त्याला टोकदार मिशी आणि रेशमी रुमाल देऊन टाकला होता. तो स्वतः तीन उन्हाळे तिला आपल्या परसातले टोमॅटो नेऊन देत होता. ती 'छान आहेत हं' म्हणे, बस्स. आणि गेल्या महिन्यात ती चिठ्ठी वाचून गळ्याशी हात नेऊन इतकी हसली, इतकी हसली की डेविटला रात्रीचं जेवण गेलं नाही.

म्हणून या खेपेला तो पुढच्या ओसरीवर गेला. एका बोटाने दार असं वाजवलं की माशीही दचकू नये. 'घरी कोणी नाही' अशी चिठ्ठी डकवली आणि सटकला. तीनही दिवस.

"आणि मांजर?" क्लोव्हिसने विचारलं, पण त्याची नजर डेविटच्या खांद्यावरून मागे गेली होती.

"मांजर मेलं त्याला दोन वर्षं झाली," दारातून आवाज आला. बांधून घेतलेल्या माशाची पुडी हातात धरून मिस व्हर्नेल उभी होती. "हद्द होती तिथेच आहे, डेविट. मी तीनही दिवस मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. तुझी ती टकटकसुद्धा ऐकली."

"मग हाक का नाही मारलीत, मिस व्हर्नेल?" क्लोव्हिस म्हणाला.

"पुढच्या दारी खोकं घेणं गुन्हा ना!" मग ती डेविटकडे वळली. "ती चिठ्ठी छापील असते. नाव तेवढं बदलतात. हसले ते तुझं फुगलेलं तोंड बघून."

डेविटने टोपी काढली. ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

"मी बाप्टिस्ट बाई, दारूला शिवत नाही. तीन वर्षांत एक बूच काढलेलं नाही, पलंगाखाली बाटल्यांमुळे झाडू फिरत नाही आता. सही घ्यायला तुला समोर थांबावं लागतं, एवढ्यासाठी मागवत होते. तूच दार चुकवायला लागलास, म्हणून काल फोन करून खोकं बंद केलं."