डाव्या कानाजवळची पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे, मित्रांनो. भाजीची नव्हे, आणि शाळेच्या डब्याची तर नव्हेच. तळहाताएवढी, प्लॅस्टिकची, चारही बाजूंनी चिकटवलेली, आणि पोटात पांढरा घट्ट लगदा. परळच्या एका संशोधन संस्थेत मेंदूची चित्रं काढणारं एक अवाढव्य चुंबकाचं यंत्र आहे. त्या खोलीबाहेरच्या खणात माझा मुक्काम.

माझा जन्म माहीमच्या बीट्रिस मॅडमच्या हातून झाला. त्या तिथे तंत्रज्ञ होत्या. त्यांनी एक पांढरी भुकटी जड पाण्यात इडलीच्या पिठासारखी घोटली आणि पिशवीत भरली. एकही बुडबुडा राहू दिला नाही. जड पाणी दिसायला साध्या पाण्यासारखंच असतं, पण गंमत अशी की या यंत्राला ते दिसत नाही. म्हणजे मी रुग्णाच्या कानाजवळ असायचे आणि चित्रात मात्र नसायचे.

तुम्ही म्हणाल, मग तुझं काम काय? एवढ्या बलवान चुंबकात यंत्राच्या लहरी डोक्यात सगळीकडे सारख्या पोहोचत नाहीत. कानाजवळचा भाग काळोखा राहतो. मला तिथे ठेवलं की लहरी त्या बाजूला वळतात आणि तो भाग उजळतो. मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेनं पाझरतं ते पाहून यंत्र मज्जातंतूंच्या वाटा रेखाटतं. बोलण्याची एक मोठी वाट डाव्या कानाच्या आतूनच जाते. ती नीट दिसली की मोठमोठे डॉक्टर खूश व्हायचे. शाबासकी यंत्राला मिळायची, ती गोष्ट वेगळी. बीट्रिस मॅडम मात्र मला पुसून ठेवताना म्हणायच्या, "चल, झोप आता." मला तेवढं पुरे होतं.

मी काही फार टिकणारी वस्तू नाही. वर्षभरात आतलं पाणी उडतं, मी कडक होते, मग मला टाकून नवी करायची, असा मॅडमचा नियम होता. त्या निवृत्त झाल्या आणि तो नियमही त्यांच्याबरोबर घरी गेला. दोन वर्षं मी तशीच वापरात राहिले, माझं वय कोणी विचारलं नाही.

नवा तंत्रज्ञ सौमित्र मनानं फार चांगला. एका आजींच्या कानाला मी टोचले, तेव्हा त्यालाच वाईट वाटलं. त्यानं सिरिंजनं माझ्यात पाणी सोडलं आणि वर टेप लावली. मी पुन्हा मऊ झाले. पण ते त्याच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी होतं. साधं! यंत्राला दिसणारं! मला ओरडता आलं असतं तर सगळी इमारत डोक्यावर घेतली असती.

त्यानंतर पहिलेच आले ते बुद्धभूषणकाका. करी रोडला राहणारे, कोर्टात नावं पुकारणारे शिपाई. पंचवीस वर्षं त्यांच्या आवाजानं कोर्टाचा व्हरांडा दणाणत होता. मग साक्षीदाराचं नाव पुकारायचं तर तोंडी वकिलाचं येऊ लागलं. डाव्या कानाजवळ मेंदूत गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. बोलण्याची वाट नेमकी कुठून जाते हे दिसलं, तर सर्जनना पूर्ण गाठ काढता येणार होती. त्यासाठी खास परवानगी घेऊन काकांना तासाभरासाठी आणलं होतं.

काका आत आडवे झाले. मी त्यांच्या कानाशी. यंत्र धडधडू लागलं. खोकला आला तोही त्यांनी गिळला. माझ्याइतकं जवळून ते कोणीच पाहिलं नाही.

"काका, हललात तुम्ही. चित्रावर पट्टा आलाय," सौमित्र माईकवरून म्हणाला.

"नाही सर, मी नाही हललो."

पट्टा माझा होता, मित्रांनो! माझ्यातलं पाणी चमकत होतं आणि त्याचाच पांढरा पट्टा चित्रात आत सरकून थेट बोलण्याच्या वाटेवर पडत होता. पुन्हा यंत्र सुरू झालं. पुन्हा पट्टा, पुन्हा काकांचं तेच उत्तर. तिसऱ्यांदा सौमित्र काकुळतीला आला. "काका, प्लीज. दहा मिनिटं फक्त." काकांनी दात आवळून धरले होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून माझ्यावर आलं. मला नुसतं खाली घसरून पडता आलं असतं तरी खूप झालं असतं. तेवढंही मला जमलं नाही.

"नाही हललो हो," काका तिसऱ्यांदा म्हणाले. तास संपला होता.

बाहेर त्यांची मुलगी अपेक्षा म्हणाली, "पप्पा, एक तास गप पडून राहायचं होतं ना फक्त!" काकांनी खाली वाकून चपला घातल्या.

सर्जननी जिथे दिसलं नाही तिथे कापलं नाही. काकांचं बोलणं वाचलं, पण गाठीचा एक तुकडा आतच राहिला.

पंधरवड्यानं बीट्रिस मॅडम नाताळचा फराळ घेऊन आल्या. सवयीनं त्यांनी खण उघडला आणि मला दाबून पाहिलं. "सौमित्र, ही अजून वापरतोस तू? आणि ही टेप कसली रे?"

"कडक झालेली मॅडम, म्हणून जरासं पाणी..."

"साधं?"

 सौमित्रनं काकांची चित्रं उघडली. पट्टा नेमका माझ्याएवढा होता. "आपण नवीन पिशवी करू. परत बोलवू त्यांना," तो म्हणाला. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. काकांच्या कवटीला आता धातूच्या पट्ट्या होत्या. त्या घेऊन या यंत्रात जाता येत नाही.

टाके दाखवायला काका अपेक्षाबरोबर परळला आले, तेव्हा सौमित्रनं त्यांना संस्थेत बोलावलं. मला टेबलावर ठेवून त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, आता काका भडकणार. तो त्यांचा हक्कच होता.

काकांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग एकेक शब्द जपून उचलत म्हणाले, "म्हणजे... मी हललो नव्हतो?"

"नाही काका. एकदाही नाही."

काकांनी अपेक्षाकडे पाहिलं. तिला रडू आवरेना.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा, पण आमचे दिवस भरले की दया दाखवू नका, टाकून द्या. आणि चित्र बिघडलं तर माणसाला बोल लावण्याआधी आम्हाला तपासा. आम्हाला बोलता येत नाही. काकांना येत होतं, आणि त्यांनी तीनदा सांगितलं होतं.