साठ लाख ठिपक्यांची मी

माझ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. घसा असता तर ओरडून सांगितलं असतं, पण मला डोळा मिळाला, तोंड नाही. मी कॅमेरा. वय वीस. कुंभकोणमच्या गोमतीच्या घरी बीरोत, म्हणजे लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्या आणि जुन्या परकरांमध्ये कोंडलेली. दाराला केसाएवढी फट आहे. तेवढंच माझं जग.

गोमती शेजारच्या दारासुरम गावात नऊवारी रेशीम विणून घेते आणि पुण्याच्या गिऱ्हाइकांना फोटो पाठवते. अठरा वर्षं ते फोटो मी काढले. मागाची खोली अंधारी. कौलात एक काच, तिच्यातून येईल तो उजेड. फ्लॅश मारला की रेशमाचा रंगच उडतो. तरी माझ्यात वांगी रंग वांगीच यायचा. माझे मेगापिक्सेल सहाच, म्हणजे साठ लाख ठिपके. पण डोळ्यामागची, उजेड टिपणारी पाटी मोठी. एकेक ठिपका ऐसपैस बसून पोटभर उजेड पिणारा.

मग तिचा दीर विजयराघव मुठीत मावेल असा नवा कॅमेरा घेऊन आला. अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल!

"वैनी, दारातला कोलम बघा. सात ठिपक्यांचा केवढा, एकवीस ठिपक्यांचा केवढा! ह्याचंही तसंच. ठिपके जास्त, चित्र झकास."

"खरंच की, भावजी," गोमती म्हणाली.

अगं बये! रोज वाकून कोलमचे, पिठाच्या रांगोळीचे ठिपके तूच घालतेस ना? एकवीस ठिपक्यांना अंगण लागतं. पायरीएवढ्या जागेत कोंबलेस तर रेघेला रेघ चिकटून राडा होईल. ह्या मुठीएवढ्याच्या पोटातली पाटीही पायरीएवढीच. हे मी तुला शिकवायचं? उन्हात काय, कुणीही फोटो काढेल. अंधारात काढून बघ!

पण माझा पट्टा गुंडाळला गेला आणि दार लागलं.

गेल्या महिन्यात मणीच्या मागावर लग्नाची वांगी नऊवारी चढली. मणी गोमतीचा सगळ्यात जुना विणकर. साडी अर्धी झाल्यावर पुण्याच्या बाईंनी फोटो मागितला, तो नव्या कॅमेऱ्यानं काढला. बाईंचा फोन आला, "रंग मळका आहे, अंगभर कण कण दिसतायत. नको ही साडी."

मणी धावत आला. "अक्का, फोटो सोडा, माग बघा! माझ्या रेशमात एक गाठ दाखवा!"

"अठ्ठेचाळीसवाला खोटं बोलेल काय रे?" विजयराघव म्हणाला. "तुझा हात गेला आता. वैनी, ह्याचा माग बंद करा."

दुसऱ्या दिवशी बीरो उघडला. वाटलं, सुटले! गोमतीनं माझी बॅटरी भरली, माझ्यातले जुने फोटो उघडले. त्याच मागावरची, मणीच्याच हातची साडी, धागे मोजावेत अशी. शेजारी नवा फोटो धरला. दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं.

"अय्यो," एवढंच म्हणाली.

बाहेरून दिराची हाक आली, "वैनी, मणीला माग बंद म्हणून कळवलंत ना?"

"कळवते," ती म्हणाली. मला पुन्हा परकरांत खुपसलं आणि किल्ली फिरवली.

बायांनो, कॅमेरा घेताना आकड्याला भुलू नका, एवढं या कोंडलेलीचं ऐका. विजयराघवाला मी बोल लावत नाही. त्याला कळतच नव्हतं. जिला स्वतःच्या डोळ्यांनी खरं दिसलं आणि तरी जिनं मणीचा माग बंद पाडला, तिचं नाव मी घेणार. गोमती.