झेरॉक्सची झेरॉक्स

महाडात कॉलेजच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान. मशीन एक, खोड्या हजार. त्यातली लाडकी खोडी टीवायच्या पेपरांआधीची. जुन्या प्रश्नपत्रिकांतनं पंधरा प्रश्न उचलायचे, टाइप करायचे, त्या कागदाची झेरॉक्स काढायची. मग झेरॉक्सची झेरॉक्स. तिची परत. पाचव्या खेपेला अक्षरं अशी पुसट होतात की कागद चार हातांतून चोरून आलाय असं वाटतं. ठळक कागदावर पोरांचा विश्वास नसतो. पुसट दिला की आवाज आपोआप खाली. "काका, फुटलाय?" मी नुसतं इकडेतिकडे बघायचं. बास.

पोरं पान घेतात, पुस्तकही वाचतात, पेपरानंतर मला शिव्या घालतात. मी चहा पाजतो. नव्व्याण्णव साली मात्र स्नेहल आली.

पोलादपूरच्या वर डोंगरातली, रावजीची पोरगी. जेनेटिक्स, मायक्रोबायॉलॉजी, फिजिऑलॉजी असा तिन्ही मिळून एक पेपर राहिलेला, दोनदा उडालेला. एका डॉक्टरांनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिची जागा धरून ठेवली होती, जूनपर्यंत. तोवर पास नाही झाली तर जागा दुसऱ्याला.

"काका, तुमचं पान पाठ झालं. झोपेत इचारा."

"आणि पुस्तक?"

"आता कशाला? माळ्यावर टाकलं."

माझं हसू तिथंच अडकलं. पेपरला सात दिवस. म्हटलं, "अगं, ते पान खोटं आहे. मीच केलंय."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग बाजूला. जर्नल झेरॉक्स करायला एक सर उभे होते. तिनं डोळा बारीक केला. "कळलं काका. मी कुणाला नाय सांगत." आणि गेली एस्टी पकडायला.

मग माझं काही खरं राहिलं नाही. बसवेना, उठवेना. एकाच्या सातबाऱ्यामागे दुसऱ्याची कुंडली छापली. बायको म्हणाली, "मुंग्या चावल्यासारखे काय करताय? काय उद्योग केलात ते सांगा." ललितापासून काय लपतंय! सांगितलं. ती म्हणाली, "मग चढा आता डोंगर."

दुसऱ्या दिवशी चढलो. रावजीनं ताक दिलं. मी शपथा घेतल्या, कान धरले. स्नेहल नुसती हसतेय. शेवटी रावजी म्हणाला, "दुकानदार, येवड्या उन्हाचा खोटं पान खोटं हाय सांगाया कोण चढून येतो? खरंच असल, म्हणून तर आलाव."

खरं बोलून भागत नाही म्हटल्यावर मी नेहमीचं हत्यार काढलं. आवाज खाली, इकडेतिकडे नजर.

"ऐक. पेपर बदललाय. नवीन पानं यायचीत. रोज एक."

तिचे डोळे चमकले. "बगा! मी म्हनलं नव्हतं?"

मी बारावी कॉमर्स, तीही काठावर पास. ओळखीच्या पोराकडनं पुस्तक मागून आणलं आणि अनुक्रमणिकेपासून सुरुवात केली. प्रत्येक मथळ्याला शेपूट लावायचं. हे काय? कसं चालतं? बंद पडलं तर काय होईल? एकेका पानावर चाळीस प्रश्न. पाच वेळा झेरॉक्स. वर्तमानपत्रात गुंडाळून पहिल्या एस्टीच्या कंडक्टरकडे, महादूकडे, द्यायचं. रावजी पोलादपूर स्टँडवर घ्यायचा. परत येताना महादू चिठ्ठी आणायचा.

"काका, नववा दिसत नाय. इन्सुलिन का इम्युनिटी?"

मी लिहिलं, "दोन्ही कर."

पाच दिवसांत अख्खं पुस्तक डोंगर चढून गेलं. महादू म्हणाला, "रावजी सांगतो, माळ्यावरचं पुस्तक खाली आलंय, पोरगी जेवताना पन बोटांवर कायतरी मोजते." मला तेवढ्यावर थांबवेना. पुढचं पान, पुढचं पान.

पेपरच्या दिवशी दुकान ललिताच्या गळ्यात टाकलं आणि गेटसमोर येरझाऱ्या. वॉचमन म्हणाला, "काका, तुमची मुलगी आहे का आत?" म्हटलं, "नाही, माझं पाप आहे." तीन तास झाले. पोरं बाहेर आली. स्नेहल सगळ्यात शेवटी, लालबुंद.

"फसवलंत काका! एक पन प्रश्न जसाच्या तसा नाय आला!"

"एकही?"

"एक पन! बाप रंगांधळा, आई बरी, तर पोरं कशी होतील, असं आलंय. तुमच्या पानांत हाय का कुटं?"

"मग... सोडलास?"

"सोडीन कशाला? चौकट मांडली. पोरी सगळ्या वाहक, पोरगे सुटले. मग ते जखमेतल्या पूचं आलं. ते पन नव्हतं पानावर. स्लाइड कशी करायची, रंग कुटला धरतो, समदं लिवलं. पुरवणी घ्यावी लागली."

"किती सुटले?"

"कायच नाय सुटलं! तसं नाय काका, पन येवडी पानं पाठवलीत, त्यातलं कायतरी यायला नको?"

"चुकलंच माझं," मी म्हणालो. तोंड पडल्यासारखं ठेवायला केवढी मेहनत पडली, माझं मला ठाऊक. "शपथ, मला पण वरच्यांनी फसवलं."

"पुन्यांदा असली पानं कुनाला देव नका," बोट नाचवत ती म्हणाली. "माझं ठीक हाय. एकांदी त्याच्याच भरवशावर बसली असती तर नापास नसती झाली?"